गोय कोण

सांगली, ता. ११ मार्च १९६२

रिबका,

आधी 'ती. आक्कास' असं लिहिलं होतं. मग तो कागद फाडून दुसरा घेतला. तुझ्या पत्रात मला मायना नाही, तेव्हा माझ्याही पत्रात तो नसेल.

तुझं पत्र शाळेच्या पत्त्यावर आलं. घरी घालायचं तर पाकिटावर सोपानचं आडनाव लिहावं लागलं असतं, ते तुला जमलं नाही. शिपायानं भर वर्गात आणून दिलं आणि मुली परदेशी तिकीट मागायला लागल्या. तिकीट त्यांना देऊन टाकलं. पत्र घरी आणून वाचलं आणि सोपानलाही वाचून दाखवलं. तुला ते आवडणार नाही हे ठाऊक होतं, म्हणूनच दाखवलं.

तुझ्या एस्तेरचं लग्न ठरलं. मुलगा इराकहून आलेल्या घरातला, वीजखात्यात आहे. आणि इस्राएलातल्या धर्मगुरूंच्या कचेरीनं ते अडवलं. हिंदुस्तानातून आलेले आपले बेने इस्राएल लोक खरोखर यहुदी आहेत का, मधल्या पिढ्यांत कुणी परकी बाई घरात शिरली का, याची चौकशी आईच्या बाजूनं जमेल तितकी मागं न्यायची असा नियम निघाला आहे. म्हणून तुला आपल्या आईचा आणि आईच्या आईचा केतुबा, म्हणजे लग्नाचा करार हवा. आबांचं प्रतिज्ञापत्र हवं. आबा तुझ्या पत्रांना उत्तर देत नाहीत, तेव्हा मी साताऱ्याला जाऊन हे सगळं मिळवावं.

वाचून मला आनंद झाला. खोटं कशाला लिहू? पोळ्या लाटता लाटता मी हसत होते.

१९५७ च्या जूनमध्ये मी आणि सोपाननं इथल्या कचेरीत लग्नाच्या सह्या केल्या. साताऱ्याला आबांना सांगायला गेलो तर तू पुण्याहून आमच्या आधी पोचलेली होतीस. सोपान आबांच्या हाताखालचा, नकाशे उतरवणारा ट्रेसर. एकोणिसाव्या वर्षापासून आपल्या घरी यायचा, आबांनी त्याचा हात धरून नकाशावरची अक्षरं घोटून घेतली होती. आदल्याच वर्षी त्याच्या घरानं बौद्ध धम्म घेतला होता. तू ओट्यावर उभी राहून म्हणालीस, "तो गोय आहे. आणि गोयांतही कुठला, ते विचार त्यालाच."

सोपान अंगणात होता. 'गोय' म्हणजे आपल्यातला नव्हे, हे त्याला कळलं नाही. पुढचं कळलं.

मग तू आरशावर चादर टाकलीस, आबांना जमिनीवर बसवलंस आणि मी मेले म्हणून सात दिवस पाळलेत. आबा बसले. माझ्याकडे न बघता बसले. पाच वर्षांत त्यांनी मला एक कार्ड टाकलेलं नाही. तू देश सोडून गेलीस, तेही मला शेजारच्या बनुबाईकडून कळलं.

आता तुला मेलेल्या बहिणीकडून कागद हवेत.

सोपान ऐकून म्हणाला, "पोरीचं काय चुकलंय यात? जाऊन ये तू. म्हाताऱ्यालाबी बघून येशील." त्याचं असंच असतं. माझं तसं नाही. जाईन की नाही ते अजून ठरवलेलं नाही.

मिलका

*

सातारा, ता. ६ मे १९६२

रिबका,

शाळेला सुट्टी लागली म्हणून आले. तुझ्यासाठी आले असं समजू नकोस.

आबांनी दार उघडलं आणि कडीला धरून उभे राहिले. मग म्हणाले, "चहा मला करता येतो आता." आत जाऊन खरंच त्यांनी चहा केला. फार वाळले आहेत. जिना चढले की बसतात. बनुबाई दोन वेळचं पाठवते, पण शनिवारी चूल पेटवू नये म्हणून शुक्रवारचंच झाकून ठेवतात. तू जाताना त्यांना सोबत नेलं नाहीस. ते यायला तयार नव्हते असं तू पुण्यात सर्वांना सांगितलंस. मी त्यांना विचारलं. म्हणाले, "मला कुणी विचारलंच नाही, नाही तर मी नाहीच म्हणालो असतो."

ट्रंकेत आईचा केतुबा सापडला. १९१७ सालचा, एक कोपरा वाळवीनं खाल्लेला, पण सह्या शाबूत आहेत. आजीचा मात्र सापडला नाही. मी सगळं उपसलं. आबा खाटेवर बसून बघत होते. शेवटी म्हणाले, "मिलका, जे नाही ते किती शोधशील?"

आपल्याला आजीचं नाव सारा एवढंच माहीत. आबांनी सांगितलं, ती धोंडुबाई होती. आष्ट्याकडची, कृष्णाकाठची. प्लेगाच्या साली गावाबाहेर झोपड्या पडल्या, तिथं आपले आजोबा सरकारी कंपाउंडर म्हणून आले. ही एका झोपडीत होती. घरची चारी माणसं गेलेली, आणि उरलेल्यांना पाणी पाजत हिंडत होती. दुसरं कुणी जवळ जात नव्हतं. साथ ओसरल्यावर आजोबा तिला घेऊन कोकणात आपल्या लोकांत गेले. मी जात विचारली, तर आबा म्हणाले, "तुझ्या आजोबांनी विचारली नव्हती, तू कशाला विचारतेस?"

अलिबागेकडे तिला समुद्रात तीन बुड्या दिल्या. दोन म्हातारे काठावर उभे होते. कागद झाला नाही. "त्याला तिथले धर्मगुरू दीक्षा म्हणतील की आंघोळ, ते त्यांनाच ठाऊक," असं आबा म्हणाले. आपल्या लोकांनी तर आंघोळच म्हटलं. आजीच्या पोरांना 'काळे इस्राएल' ठरवलं. पंगतीत वेगळं बसवायचे, प्रार्थनेनंतरचा पेला सगळ्यांत शेवटी यायचा, कधी यायचाही नाही. आपली आई त्या पंगतीत वाढली. आबांना हे लग्नाआधी माहीत होतं. म्हणून त्यांनी कोकणापासून लांब साताऱ्याची नेमणूक मागून घेतली आणि पेन्शन होईपर्यंत बदली नको म्हणाले. इथं आपली चारच घरं. विचारणारं कुणी नव्हतं.

एवढं ऐकल्यावर मी त्यांना विचारलं, की मग माझ्या नवऱ्याला गोय म्हटलं तेव्हा तुमची जीभ कुठं होती?

ते उठले आणि खिडकीतली इब्री पोथी घेऊन आले. मी म्हटलं, पोथी नको, उत्तर द्या. त्यांनी पानं उलटली तरी. रिबका, तू तो शब्द वापरलास, पण तुला त्याचा अर्थ ठाऊक नाही. मलाही नव्हता. गोय म्हणजे लोक. एक राष्ट्र. अब्राहामाला देव सांगतो की तुझा मोठा गोय करीन. सिनाय डोंगरापाशी आपल्या लोकांना सांगतो की तुम्ही माझा पवित्र गोय व्हाल. शब्द तोच आहे, आबांनी अक्षरांवर बोट ठेवून दाखवला. पुढं अनेकवचनात, गोयीम म्हणून, तो बाकीच्या राष्ट्रांसाठी पुष्कळदा येतो, आणि तिथं त्यांच्याबद्दल बरंवाईट दोन्ही लिहिलेलं आहे, हेही त्यांनी लपवलं नाही. पण अंगणात उभ्या असलेल्या एका माणसाला हाणायचा शब्द तो तिथं नाही. तसा तो फार नंतर झाला.

मी विचारलं, "कुणी केला?"

"घाबरलेल्या लोकांनी," आबा म्हणाले. "मीही घाबरलोच होतो. तुला आत घेतलं असतं तर लोक म्हणाले असते, हिच्या आईचंही बघा. मग रिबकाच्या सासरी कळलं असतं."

मी पोथी मिटली. त्यांच्या पाया पडले नाही, आणि त्यांना माफही केलं नाही. रात्रीचा भात मात्र मी केला.

सोमवारी ते कोर्टात जाऊन प्रतिज्ञापत्र करणार आहेत. मजकूर मी वाचला. त्यात एकही वाक्य खोटं नाही. सासूचं नाव सारा, ती शनिवार पाळत असे, उपास करत असे, तिची मुलगी इस्राएल म्हणून जगली आणि तशीच पुरली गेली. आजी कुठून आली ते लिहिलेलं नाही.

मला एवढंच कळव. तुला हे माहीत होतं का?

मिलका

*

सांगली, ता. ३ डिसेंबर १९६२

रिबका,

म्हणजे माहीत होतं. सोळाव्या वर्षापासून. आईनं तुला सांगितलं, कारण तू थोरली, आणि तुझं लग्न आधी व्हायचं होतं.

तुझं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. 'मी ओरडले नसते तर लोकांनी आपल्याकडे बघितलं असतं.' म्हणून तू ओरडलीस. लोकांनी सोपानकडे बघावं म्हणून. आणि तुला वाटतं की हे कळल्यावर मी तुला समजून घेईन. मी इतकी वर्षं समजत होते की माझी बहीण धर्मवेडी आहे. धर्मवेडं माणूस निदान कशावर तरी विश्वास ठेवतं.

तू लिहितेस, आजीबद्दल कुणाजवळ बोलू नको, एस्तेरजवळ तर नाहीच. तुझा हुकूम पोचला.

प्रतिज्ञापत्र पोचलं नाही आणि ऑक्टोबरातली लग्नाची तारीख टळली, असंही लिहितेस. मी ते जूनमध्येच पोस्टात टाकलं. सध्या लढाईचे दिवस आहेत, साताऱ्याचे पेन्शनर शिपाईसुद्धा कचेरीपुढं रांगा लावताहेत. टपालाचं काही सांगता येत नाही.

आबांना दम्यानं फार धरलं, म्हणून सोपान त्यांना दिवाळीत इकडं घेऊन आला. आमच्या दोन खोल्या आहेत. पुढची आबांची. ते सकाळी प्रार्थना म्हणतात तेव्हा सोपान आपली बुद्धवंदना मागच्या खोलीत म्हणतो, आवाज खाली ठेवून. आबांनी त्याला सांगितलं, मोठ्यानं म्हण, मला ऐकू येत नाही. ऑफिसातून आला की दोघं पाटावर कागद ठेवून बसतात. आबा त्याला इब्री अक्षरं शिकवतात आणि प्रार्थना देवनागरीत उतरवून देतात. सोपानचा हात वळणदार. आबा म्हणतात, माझ्या मुलींपैकी एकीनंही इतकं सुबक अक्षर काढलं नाही. हे तुला लागावं म्हणून लिहिलं आहे.

मिलका

*

सांगली, ता. २० फेब्रुवारी १९६३

रिबका,

तार तुला मिळाली असेल. आबा २९ जानेवारीला पहाटे गेले. त्रास झाला नाही असं म्हणायची पद्धत आहे. त्रास झाला. तीन दिवस श्वास पुरत नव्हता. सोपान त्यांना पाठीमागून धरून बसला होता, म्हणजे त्यांना टेकता यावं.

त्यांना साताऱ्याला आईशेजारी ठेवायचं होतं. सोपाननं साहेबांकडून खात्याचा ट्रक मागून घेतला. पुण्याला तार केली होती, तिथून आपले तिघे आले. साताऱ्यातली आपली घरं आता बंद आहेत, एकटे शलोमकाका उरले होते. म्हणजे चार झाले. काद्दीश, म्हणजे गेलेल्यासाठीची प्रार्थना, म्हणायला आपले दहा पुरुष लागतात. कबर खणून झाली, आबांना खाली उतरवलं, माती लोटली, आणि चौघं एकमेकांकडे बघत उभे राहिले. आजूबाजूला पन्नासएक माणसं होती. जुन्या ऑफिसातले, बनुबाईचे मुलगे, सोपानचे आष्ट्याचे भाऊ. पण धरायला चारच.

पुण्याचे गृहस्थ म्हणाले, दहा नाहीत तेव्हा काद्दीश नाही, स्तोत्र म्हणून संपवू. त्यांनी स्तोत्र म्हटलं. नियमाप्रमाणे ते बरोबरच वागले.

मग सोपाननं खिशातून कागद काढला. आबांनीच देवनागरीत उतरवून दिलेला काद्दीश. त्यानं टोपी नीट केली आणि पुण्याच्या गृहस्थांना म्हणाला, "तुमच्यात हे धरत नसंल तर धरू नका. मला त्यांनी सांगितलंय म्हणून मी म्हणतो." आणि म्हटलं. दोनदा अडखळला, दोन्ही वेळेला मागं जाऊन पुन्हा म्हटलं. आमेन कुठं म्हणायचं ते लोकांना ठाऊक नव्हतं. शलोमकाकांनी पहिल्यांदा म्हटलं, मग पुण्याचे तिघे सोडून सगळ्यांनी म्हटलं. निघताना त्या तिघांतल्या एकानं सोपानचा हात धरला.

हे झालं. आता दुसरं.

मागच्या आठवड्यात एस्तेरचं पत्र आलं, घरच्या पत्त्यावर. आबांनी मरायच्या आधी तिला कार्ड टाकलं होतं, त्यावर आमचा पत्ता होता. ती लिहिते, 'आई सांगायची की मिलकामावशी वारली. मग मेलेल्या मावशीकडून कागद येणार म्हणून आम्ही वर्षभर वाट कशी बघतोय?' मुलाची आई म्हणू लागली आहे की नसतील तर नाहीत, दुसरी बघू. मुलगा अजून थांबला आहे.

रिबका, प्रतिज्ञापत्र मी पोस्टात टाकलंच नव्हतं. मे महिन्यापासून ते माझ्या कपाटात, पातळांच्या घडीखाली होतं. रोज वाटायचं, उद्या टाकू. आणि रोज वाटायचं, अजून थोडं बसू दे हिला. आबांनी दोनदा विचारलं आणि दोनदा मी त्यांच्याशी खोटं बोलले. सोपानला ते सापडलं. जेवताना एवढंच म्हणाला, "त्या पोरीला तू काय म्हणून धरलंस?" तुझ्यावरचा राग मी एस्तेरवर काढला. तू आजीबद्दलची भीती सोपानवर काढलीस, तसाच. हे कबूल करणं मला किती जड जातंय ते तुला कळेल, कारण आपण एकाच आईच्या.

सोबत प्रतिज्ञापत्र आणि आईचा केतुबा आहे. रजिस्टर केलं आहे.

आणि आजच्याच टपालानं एस्तेरला वेगळं पत्र टाकलं आहे. धोंडुबाईंचं सगळं लिहिलं. तिनं विचारलं होतं, आमच्या घरात असं काय आहे की आई झोपेत दचकते. मी तिला कागदही पाठवले असं सांगितलं, आणि खरंही सांगितलं. काय वापरायचं ते तिनं ठरवावं. तुझा हुकूम मोडला.

मिलका

*

सांगली, ता. २५ ऑक्टोबर १९६४

रिबका,

दीड वर्षात तुझी तीन पत्रं आली. पहिल्या दोहोंना मी उत्तर दिलं नाही. त्यात शिव्या होत्या, आणि त्यातल्या काही मला लागू होत्या.

एस्तेर मला सगळं कळवत होती. कचेरीत तिनं आबांचं प्रतिज्ञापत्र ठेवलं. तिथल्या माणसानं विचारलं, ही सारा कुणाची मुलगी? तू शेजारी होतीस, तू म्हणालीस, आमच्यातलीच. आणि एस्तेर म्हणाली, "तिचं नाव धोंडुबाई. प्लेगात लोकांना पाणी पाजायची." त्या माणसानं ते नाव तीनदा विचारून लिहून घेतलं. परवानगी न देताच फाईल बंद झाली. तू म्हणतेस मी तुझ्या मुलीच्या तोंडून तुला उघडं पाडलं. मी तिला बोल असं सांगितलं नव्हतं. गप्प बस असंही सांगितलं नाही.

यंदा तिकडच्या उन्हाळ्यात आपले लोक या नियमाविरुद्ध यरुशलेममध्ये रस्त्यावर बसले, ते इथल्या पेपरात दोन ओळींत आलं. त्यात एस्तेर होती हे तिच्या पत्रातून कळलं. बायकांनी तिथं मराठीत गाणी म्हटली म्हणे. नियम मऊ केला, बेने इस्राएल हे नाव त्यातून काढलं. ज्याच्याबद्दल संशय येईल त्याचीच चौकशी. पण एस्तेरबद्दल संशय होताच, तिनंच तो लिहून दिला होता. तिला सांगितलं, पुन्हा पाण्यात बुडी घे, दीक्षा घे, म्हणजे लग्न लावू. ती म्हणाली, पणजीनं तीन घेतल्या, त्या पुरे. तिकडे धर्मगुरूंवाचून लग्न होत नाही, म्हणून मग ती आणि तो मुलगा बोटीनं सायप्रसला गेले आणि तिथल्या कचेरीत सह्या करून आले. त्याची आई बंदरावर घ्यायला आली. तू आली नाहीस.

तिच्यासाठी तू जमिनीवर बसलीस का, असं मी तिला विचारलं होतं. ती म्हणाली, नाही, आई नुसती खिडकीत बसून असते.

आता तिसरं पत्र. तू लिहितेस की जानेवारीत यायचं आहे, आबांची कबर बघायची आहे. साताऱ्याचं घर आपण ठेवलं आहे का, नसेल तर तिथं एखादी बरी खानावळ-लॉज आहे का. सांगलीत यायचं की नाही त्याबद्दल एक शब्द नाही. तुझी लेक तुझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलते, तू एकटी पडलीस, हे सगळं पत्रात आहे. मला वाईट वाटलं. थोडंच वाटलं. माझा राग गेलेला नाही, रिबका, आणि तो जाईपर्यंत दोघींपैकी कुणी तरी मरेल असं वाटतं. मी तुझ्याशी गोड बोलणार नाही. तू रडलीस तर जवळ घेईनच असं नाही.

साताऱ्याचं घर सोडलं. लॉजचे पत्ते मी कळवणार नाही. कबर बघायची तर आधी सांगलीला यावं लागेल, इथून साताऱ्याला आपण मोटारीनं जाऊ. आमच्या पुढच्या खोलीत तुझी खाट घालीन.

गाडी मिरजेला पहाटे येते. सोपान स्टेशनवर येईल. मी येणार नाही. मी त्याला म्हटलं, तिला चालेल का ते आधी विचारू, तर म्हणाला, "विचारायचं काय त्यात, गाडी काय विचारून येतीय व्हय?" तू त्याच्याकडे कधी नीट बघितलंच नाहीस, म्हणून तुला तो ओळखू यायचा नाही. तो तुला ओळखेल. पुढं येऊन 'आक्का' म्हणेल आणि ट्रंकेला हात घालील. ती त्याच्या हातात द्यायची की नाही, ते तुझं तू फलाटावरच ठरव.

मिलका